घरचे चार दिवस

पत्र लिहिणारी मुलगी २२ वर्षांची आहे. गाव नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात, घरची द्राक्षबाग. गेली तीन वर्षं ती पुण्यात राहून रोड सायकलिंगचा सराव करते. फेब्रुवारीत तिच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. चुलत्यांनी आजीची द्राक्षतुला करायचं ठरवलंय आणि घरातल्या प्रत्येकाने यायलाच हवं असा आजीचा हट्ट आहे. त्यानंतर १९ दिवसांनी या मुलीची हंगामातली सर्वांत महत्त्वाची शर्यत आहे. कोच म्हणतात, सीझन चालू असताना घराचं नाव काढायचं नाही. ती लिहिते: "मागच्या दिवाळीत चार दिवस घरी राहिले तर दीड किलो वजन वाढलं. घरी गेलं की वाढण्या-आवरण्याचं काम माझ्यावरच येतं, सराव होत नाही. पुण्याहून सायकलवरच आले तर एक मोठी राइड तरी होईल, असंही मनात येतं. घरच्यांना यातलं काही कळत नाही. आईला काळजी फक्त पूजेची, परवा फोनवर तिने माझी तारीख विचारली. चार महिने पाळी आलेलीच नाही, पण सीझनमध्ये असं होतंच असं कोच म्हणतात, म्हणून दिली एक तारीख ठोकून. ताई, जाऊ की नको?"

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचतानाच उत्तर मनात तयार होत गेलं: जा, आणि असं असं जा. दुसऱ्यांदा वाचताना तारखेच्या ओळीपाशी थांबले. आईविषयी कुरकुर करता करता तू ती लिहून गेलीस, तिच्याबद्दल काही विचारलंही नाहीस. मला पत्रातली तीच ओळ सर्वांत मोठी वाटते. तिच्याकडे येतेच. आधी तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण दर हंगामात कितीतरी मुलंमुली याच पेचात असतात.

चार दिवसांत कमाई वाया जाईल हे तू धरूनच चालली आहेस. तीन वर्षं कमावलेला दम चार दिवसांत जात नाही गं. अगदी बसून राहिलीस तरी सुरुवातीला कमी होतो तो मुख्यतः रक्तातला द्रव, आणि सराव सुरू झाला की तो भरून येतो. दमसास खरोखर घसरायला आठवडे जातात. उलट मोठ्या शर्यतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत जाणकार कोच स्वतःच किलोमीटर कमी करतात, कधी निम्म्यावर आणतात, फक्त जोराचे तुकडे तेवढे कायम ठेवतात. शर्यतीला १९ दिवस असताना चार हलके दिवस मिळाले तर ते वेळापत्रकात सहज बसतात. हेच शर्यत पाच दिवसांवर असती तर मी वेगळं सांगितलं असतं.

आता तो दीड किलो. स्नायूंमध्ये इंधन साठतं ते ग्लायकोजेनच्या रूपात, आणि एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. पुण्यात हात आखडून जेवणारी मुलगी घरी पोटभर जेवली की काटा किलो-दीड किलो सहज वर सरकतो. ती चरबी नव्हे. चार दिवसांत दीड किलो चरबी चढवायची तर रोज गरजेपेक्षा जवळजवळ तीन हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील. आजीने कितीही आग्रह केला तरी तेवढ्या पुरणपोळ्या तुझ्याच्याने संपायच्या नाहीत. दिवाळीत तू लठ्ठ झाली नव्हतीस. तुझी रिकामी टाकी भरली होती.

आणि टाकी इतकी रिकामी का होती, हा प्रश्न मला त्या ओळीकडे नेतो.

पाळी नियमित असलेल्या मुलीची पाळी सलग तीन महिने चुकली की डॉक्टरांकडे जायचं असतं, मग ती खेळाडू असो की नसो. तुझे चार झाले. "सीझनमध्ये असं होतंच" हे मी गेली कित्येक वर्षं मैदानांवर ऐकत आले आहे. पुष्कळ जणींच्या बाबतीत होतं हे खरं. पण पुष्कळ जणींचं होतं म्हणून ते ठीक आहे, असं कुणी म्हटलं? तुझे कोच इंटरव्हल आणि गिअरबद्दल जे सांगतील ते ऐक. इथे मात्र ते चुकत आहेत.

नेमकं काय होतं ते सांगते. चार तासांच्या सरावात दीड-दोन हजार कॅलरी सहज जातात. तेवढ्या परत मिळाल्या नाहीत तर शरीर उरलेल्यात संसार चालवायला बसतं. हृदय चालू ठेवावंच लागतं, पाय तू चालवायला लावतेस. मग काटकसर कुठे करायची? जे आज नसलं तरी चालेल तिथे. पाळी थांबते. हाडांची भर थांबते. जखम भरायला वेळ लागतो, सर्दी लवकर पकडते, झोप तुटते, चिडचिड वाढते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्याला मिळून नाव दिलं, रेड-एस. आपण साधेपणाने 'खेळातली ऊर्जेची तूट' म्हणू. मुलांनाही होते. त्यांना पाळीसारखी खूण नसते, एवढाच फरक.

बाग बघणारे तुझे अण्णा ही गोष्ट माझ्यापेक्षा चांगली सांगतील. वेलीत साठा कमी पडला की ऑक्टोबर छाटणीनंतर काय होतं ते त्यांना विचार. फूट निघते, पानं लागतात, बाग रस्त्यावरून हिरवीगार दिसते. जवळ जाऊन पाहावं तर घड जिरलेला असतो, त्याची बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा नुसता तंतू, झालेली असते. वेल मेलेली नसते. जेवढं परवडलं तेवढं तिने केलेलं असतं. म्हणून तर माल काढल्यावर लगेच एप्रिलची खरड छाटणी घेत नाहीत, आधी वेलीला खतपाणी आणि थोडा विसावा देतात. जी काळजी तुमच्या घरात प्रत्येक वेलीची घेतली जाते, ती तुझी घ्यायला घरच्यांना सांग. "त्यांना काही कळत नाही" म्हणतेस, पण घड जिरणं ज्या घराला कळतं त्या घराला हे समजावून सांगायला पाच मिनिटं लागणार नाहीत.

हाडांचं जरा जास्त सांगते. सायकलिंगमध्ये शरीराचा भार सायकल उचलते, हाडांना तो झेलावा लागत नाही. म्हणून धावणाऱ्यांच्या तुलनेत सायकलवाल्यांची हाडं विरळ राहण्याचा धोका आधीच जास्त असतो. त्यात पाळी बंद, म्हणजे इस्ट्रोजेन कमी, म्हणजे हाडांचा आधारच काढून घेतलेला. आणि हे वय हाडं भरून घ्यायचं. मी कॉलेजात असताना शर्यती करायचे तेव्हा माझी पाळी सात महिने बंद होती. मला आनंद झाला होता, कटकट गेली म्हणून. त्याच वर्षी त्र्यंबक रोडला अंजनेरीच्या फाट्याजवळ, चालत्या माणसाच्या वेगाने वळताना पडले आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर घालणाऱ्यांनी विचारलं, कशी पडलीस. पाळीचं कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायचं मला सुचलं ते वयाच्या चाळिशीत, हाडांची घनता मोजून घेतली तेव्हा. तुला ते बाविसाव्या वर्षी सुचावं म्हणून लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. म्हणून माझा सल्ला एवढाच, की घरी जा आणि पहिलं काम स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं कर. किती तास सायकल चालवतेस, रात्री काय खातेस, वजन किती कमी केलंस, शेवटची पाळी कधी आली, सगळं खरं सांग. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, ड जीवनसत्त्व अशा तपासण्या बहुधा लिहून देतील. गर्भधारणेची तपासणीही सांगतील. आई शेजारी बसलेली असेल म्हणून आधीच सांगून ठेवते: ती चाचणी पाळी चुकलेल्या प्रत्येकीला सांगतात, त्यात कुणाचा संशय नसतो. आणि नुसती पाळी आणायची गोळी हातात पडली तर थांबून विचार, "कारण काय आहे?" गोळीने रक्तस्राव होईल, पण तूट भरणार नाही, आणि तुला मात्र वाटेल सगळं सुरळीत झालं. तसंच पूजेसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी आई परस्पर आणून ठेवेल. पाळीत देवाजवळ जायचं नाही हे मला पटत नाही, पण तो वाद आजीच्या दिवशी नको. गोळी तेवढी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस.

डॉक्टर कदाचित म्हणतील, ही शर्यत सोड. हे वाचून तुझ्या पोटात गोळा येईल, कळतं मला. पण तूट घेऊन स्टार्ट लाइनला उभं राहिलेल्या पायांना शेवटच्या दहा किलोमीटरला काही उरत नाही, हे तुझ्या यंदाच्या शर्यतींवरून तूच पडताळून बघ. आजीकडे गेल्याने शर्यत हातची जाईल असं तू मांडलंयस. माझ्या मते शर्यत वाचवायचा काही मार्ग असेल, तर तो आजीच्या घरातूनच जातो.

पुण्याहून सायकलवर यायचं डोक्यातून काढून टाक. नाशिकपर्यंतच दोनशे दहाएक किलोमीटर, चंदनापुरीचा घाट, पुढे सिन्नर सोडल्यावर मोहदरीचा घाट, दिवसभर ट्रक आणि शेतमालाच्या गाड्या, आणि तूट असलेलं शरीर. ज्यांची तब्येत उत्तम आहे त्यांनीही हा रस्ता एकट्याने, मागे गाडी नसताना करू नये. एसटीने ये. गाडी थांबेल तिथे उतरून पाय मोकळे कर, पाणी पीत राहा.

सायकल आणायची की नाही? घरी जुनी सायकल धड असेल तर शर्यतीची पुण्यातच राहू दे. फक्त तुझ्या सायकलवर सीटची उंची आणि सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचं अंतर टेपने मिलिमीटरमध्ये मोजून मोबाइलमध्ये लिहून घे आणि जुनी सायकल तशी लावून घे. अर्ध्या सेंटिमीटरच्या फरकानेही गुडघा धरू शकतो. आणायचीच झाली तर मागचा डिरेल्युअर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, सोडवून, कापडात गुंडाळून चेनस्टेच्या (मागच्या चाकालगतच्या आडव्या नळीच्या) आत बांध. तसाच बाहेर राहिला तर डिकीत कुणाची तरी पत्र्याची पेटी त्यावर येते, तो जिथे अडकवतात तो हँगर वाकतो आणि गावात ते सरळ करून देणारं कुणी सापडत नाही. पेडल काढताना डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, हेही लक्षात ठेव.

सरावाचं डॉक्टरांना विचारून ठरव. त्यांनी नको म्हटलं तर हा परिच्छेद बाजूला ठेव. परवानगी मिळाली तर गुरुवारी फक्त प्रवास. शुक्रवारी दवाखाना आणि संध्याकाळी तासभर हलकी सायकल. शनिवारी सकाळी दीड तास, त्यात चार-चार मिनिटांचे तीन-चार जोराचे तुकडे. घाटच हवा असेल तर नांदुरीतून सप्तशृंगी गडावर जाणारा दहाएक किलोमीटरचा रस्ता तुला जवळ आहे. एकदाच वर जा, उतरताना माकडांवर आणि भाविकांच्या गाड्यांवर लक्ष ठेव. रविवारी आजीचा कार्यक्रम, सायकल नाही. सोमवारी पाऊण तास पाय फिरवायचे आणि परत. अंधारात मात्र निघू नकोस. दिंडोरी-वणीच्या रस्त्याला पहाटे बिनदिव्यांच्या उसाच्या ट्रॉल्या असतात, शिवाय द्राक्षांच्या क्रेटच्या पिकअप घाईत असतात. साडेसातला, चांगलं उजाडल्यावर, गुडघे झाकून निघ. आपल्याकडची फेब्रुवारीची सकाळ अजून थंडच असते. नाशिक शहरात मुक्काम असणाऱ्यांनी २०२७ च्या सिंहस्थासाठी चाललेली रस्त्यांची कामं बघून वाट ठरवावी. गंगापूर धरणाकडून गिरणाऱ्याची बाजू मला सकाळी बरी वाटते.

उपाशीपोटी मात्र निघायचं नाही. आल्यावर तासाभरात जेवायचं, आणि दोन घास कमी घ्यायची ती सवय या चार दिवसांत मोडायची. पुरणपोळी, तूप, दूध, कटाची आमटी, भात. सायकलवाल्या मुलीसाठी यापेक्षा चांगलं ताट पुण्यातल्या मेसमध्ये मिळत नाही.

वाढण्या-आवरण्याचं गाऱ्हाणं खरं आहे. पाहुणे येतात, भाऊ मंडपात खुर्ची टाकून बसतो आणि बहीण दिवसभर उभी असते. सायकलिंगच्या पायांना दिवसभर उभं राहणं राइडपेक्षा जास्त थकवतं. पण हे त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात सांगितलंस तर भांडण होईल. आठवडाभर आधी आईला सांग की मी बसून करायचं काम घेते: आलेल्यांना कुंकू लावणं, हार ओवणं, आजीजवळ बसून भेटवस्तू लिहून घेणं. तुलेच्या वेळी आजीला पारड्यात बसवताना धरायला तूच हवीस असंही सांग, म्हणजे ती वेळ तुझी राहील. वाढायचं काम भावाला सांगायला लाव. तो वाढेल. त्याला आजवर कुणी सांगितलं नसेल.

"घरच्यांना कळत नाही" याबद्दल अजून थोडं. नाशिकला सायकल नवीन नाही. इथले डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी जाते. तुझ्या गावातून कुणी ना कुणी गेलं असेल. अमेरिकेतल्या त्या शर्यतीत सायकलवाल्यामागे गाडी चालवणारी, भरवणारी, झोपवणारी माणसं असावीच लागतात. तू मात्र घरच्यांना निकाल सांगतेस आणि बाकी सगळं लपवतेस. मग कळणार कसं?

औषधांचं सगळ्याच खेळाडूंसाठी सांगते, कारण घरी गेल्यावरच ही चूक होते. खोकला झाला की घरातली बाटली पुढे येते. आपल्याकडच्या अनेक खोकल्याच्या औषधांत टर्ब्युटालिन असतं आणि त्यावर स्पर्धा असो-नसो, कायमच बंदी आहे. पाठ धरली की मिळणाऱ्या दुखण्याच्या काही गोळ्यांत ट्रामाडॉल असतं. वाडाने, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धाकाळात त्यावर बंदी घातली आहे, सायकलिंगमध्ये तर ती त्याआधीपासून आहे. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेण्याआधीही विचारावं लागतं. डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांग, "मी स्पर्धा खेळते", आणि प्रत्येक औषधातले घटक वाडाच्या बंदी यादीशी ताडून बघ. ताकदीची भस्मं आणि बिनलेबलची चूर्णं घेऊच नकोस. ज्यांचं नाव नाडाच्या, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, चाचणी यादीत आहे त्यांनी निघण्याआधी गावचा पत्ता आणि रोजची ६० मिनिटांची वेळ बदलून नोंदवावी. १२ महिन्यांत अशा तीन चुका झाल्या तर तो डोपिंगचाच नियमभंग धरतात.

कोचना "जाऊ का?" असं विचारू नकोस. त्याला "नको" हेच उत्तर येतं. चार दिवसांचं वेळापत्रक लिहून पाठव आणि सांग, "सर, मी या दिवशी जाते, या दिवशी परत येते, मध्ये हे करणार आहे." पाळीचं त्यांच्याशी बोलायला संकोच वाटत असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी पुढे कर, ती पुरेशी असते. चिठ्ठी बघूनही ते "असं होतंच" म्हणाले, तर सीझन संपल्यावर दुसरा कोच शोधायचा विचार कर. हे मी रागाने लिहीत नाही.

आज रात्री आईला फोन कर. सांग, "परवाची तारीख मी ठोकून दिली होती, खरं तर चार महिने आलेलीच नाही." ती आधी घाबरेल, मग ओरडेल, मग विचारेल की इतके दिवस सांगितलं का नाहीस. तिला बोलू दे. मग शुक्रवारी सकाळची अपॉइंटमेंट घ्यायला सांग, शनिवारी घरात मंडपवाले आणि पाहुणे असतील, कुणाला घर सोडून निघता येणार नाही. रिपोर्ट आले की मला लिही, आणि आजीच्या तुलेला किती क्रेट लागले तेही लिही.